न समजता वाचलेल्या गोष्टी

मला हिब्रू येत नव्हतं आणि तरीही मी एका हिब्रू कथालेखकाच्या गोष्टींबद्दल मत दिलं. मत विचारणाऱ्यालाही ती भाषा धड येत नव्हती. त्याने माझ्या एका वाक्यावर विश्वास ठेवला, आणि ज्याच्या त्या गोष्टी होत्या तो माणूस मुंबईला जायचा तो सोलापुरातच राहिला. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लिहिताना स्वतःची बाजू सावरून घ्यायचा मोह होणार नाही. तसा मोह मला फार होतो.

आमची बेने इस्राएल घरं तेव्हा सोलापुरात बोटांवर मोजण्याइतकी होती. मूळची सगळी कोकणातली. कुणी रेल्वेत, कुणी मिलमध्ये, एक जण दवाखान्यात कंपाउंडर. मी मालधक्क्यावर क्लार्क होतो. आमचं प्रार्थनामंदिर गावात नव्हतं, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी सगळे माझ्या घरी बाहेरच्या खोलीत जमत. प्रार्थना, म्हणजे आमची तेफिला, मी म्हणायचो. वडिलांनी मांडीवर बसवून शिकवली होती. हिब्रू अक्षरं मी घडाघडा वाचायचो, चालीवर म्हणायचो, कुठे अडखळायचो नाही. अर्थ मात्र शेजारच्या पानावर मराठीत छापलेला असे तेवढाच ठाऊक. ते पान झाकलं की मी आंधळा. आमच्यातल्या बहुतेकांचं असंच होतं आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. देवाला कळतंय ना, मग झालं.

मास्तर आमच्यात आले ते मिलच्या नोकरीसाठी. पूर्वी मुंबईत शाळेत शिकवत, म्हणून मिलमध्येही त्यांना मास्तरच म्हणत. काम होतं लुगड्यांच्या किनारी काढण्याचं. चौकटी आखलेल्या कागदावर एकेक चौकट रंगवत दिवसभर मोर, कोयरी, रुद्राक्ष. बायको वारलेली, मूलबाळ नाही. मिलच्या भिंतीला लागून असलेल्या चाळीत त्यांची एक खोली होती. खिडकी उघडली की समोर ती भिंत. भोंगा झाला की खिडकीचं तावदान थरथरायचं.

पहिल्या महायुद्धात ते पलटणीबरोबर कारकून म्हणून पॅलेस्टाइनला गेले होते. तिथे एका वस्तीत त्यांनी दोन पोरं गोट्यांवरून भांडताना पाहिली. पोरं भांडत होती हिब्रूत.

"भाऊ, मी रस्त्यात उभाच राहिलो," ते मला सांगत. "जी भाषा आपण डोकं झाकून, हात जोडून बोलतो, तिच्यात एक पोरगं दुसऱ्याला म्हणत होतं, 'चोर! माझी गोटी दे!'"

तिथून जे वेड लागलं ते गेलं नाही. शब्दकोश आणला, जुनी वर्तमानपत्रं मागवली, आणि सोलापुरात त्या खोलीत बसून ते हिब्रूत गोष्टी लिहू लागले. मिलमधल्या रद्दी कागदांच्या कोऱ्या बाजूवर. एका बाजूला अर्धवट कोयरी आणि दुसऱ्या बाजूला गोष्ट. पॅलेस्टाइनच्या एका मासिकाला पाठवत. एक छापून आली असं त्यांना कळलं होतं, पण तो अंक वाटेत कुठे गहाळ झाला. तो त्यांनी कधी पाहिला नाही.

माझी बायको त्यांना म्हणायची, "मास्तर, मराठीत लिहा की. आम्हालाही कळेल."

"वहिनी, मराठीत लिहायला बसलो की मिलच्या साहेबाला केलेला अर्ज होतो," ते म्हणायचे. "हिब्रूत माझ्याकडे शब्दच थोडे. थापा मारायला पुरत नाहीत."

थापा मारायला मी होतो.

पहिल्यांदा त्यांनी कागद पुढे केला तेव्हा मी खरं बोलून सुटू शकलो असतो. हिब्रूत नुसती व्यंजनं लिहितात. स्वर दाखवायला प्रार्थनेच्या पुस्तकात अक्षरांच्या खाली-वर ठिपके दिलेले असतात. मास्तरांच्या कागदावर ते नव्हते. मी म्हणालो, "ठिपके नाहीत हो."

ते हसले. "रस्त्यावरची भाषा आहे, भाऊ. तिला कुठले ठिपके?"

पण पुढच्या रविवारी तोच कागद ते घेऊन आले, आणि प्रत्येक अक्षराला ठिपके दिले होते. बारीक निबाने, किनारीच्या कामासारखे एकसारखे. माझ्यासाठी. एवढ्या मेहनतीनंतर 'मला कळत नाही' म्हणायला जीभ उचलेना. मी वाचू लागलो. मला एकच चाल येत होती, तेफिलाची, तिच्यावरच वाचू लागलो. मास्तर भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होते. स्वतःचं लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडून ते पहिल्यांदाच ऐकत होते. मधूनच त्यांच्या ओठाचा कोपरा हलला की मी समजायचो, इथे विनोद आहे, आणि हसायचो. कपाळाला आठी पडली की आवाज खाली आणायचो.

"कसं वाटलं?"

"काळजाला लागलं, मास्तर."

यानंतर दर रविवारी दुपारी ते येऊ लागले. मी वाचायचो, बायको चहा टाकायची, आणि मी नव्या नव्या तऱ्हेने सांगायचो की काळजाला लागलं. एकदा सुरू केलेली गोष्ट कुठे थांबवायची ते मला सापडत नव्हतं.

त्याच सुमारास पावसाळ्यात माझे वडील गेले. जाण्याआधी माझा हात धरून एवढंच म्हणाले, "माझं कद्दीश चुकवू नको."

कद्दीश ही मेलेल्यासाठी मुलाने वर्षभर म्हणायची प्रार्थना. ती एकट्याने म्हणता येत नाही. जाणते दहा पुरुष जमावे लागतात. सोलापुरात आम्ही, मास्तरांना धरून, नेमके दहा होतो. एका शुक्रवारी कंपाउंडर तापाने पडला. आम्ही नऊ जण अंधार पडेपर्यंत बसलो, एकमेकांकडे पाहत. मग एकेक जण चपला घालून निघून गेला. मी उंबऱ्यापाशी उभा राहिलो. मला वाटलं, वडील बाहेर उभे आहेत आणि मी त्यांना आत घेतलेलं नाही.

अशात मुंबईहून आमच्या समाजातले एक वयस्कर गृहस्थ आले. माझ्याकडेच उतरले. तिथल्या एका शाळेला हिब्रूचा शिक्षक हवा होता आणि कुणीतरी त्यांना मास्तरांचं नाव सुचवलं होतं. मास्तर येऊन भेटून गेले. जाताना मला जिन्यात म्हणाले, "भाऊ, तिथे छापखाना आहे. हिब्रू टाइप आहे. शिकायला पोरं आहेत. माझं वाचणारी माणसं तयार होतील." त्यांचा आवाज मी इतका मोकळा कधी ऐकला नव्हता.

मी वर आलो. गृहस्थ बिरड्याची दुसरी वाटी संपवत होते.

"बिरडं झकास झालंय हं, सूनबाई! सोलापुरात वाल मिळतात म्हणजे कमाल आहे," ते बायकोला म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "तुम्ही वाचता म्हणे त्यांच्या गोष्टी?"

"वाचतो ना. दर रविवारी."

"मग सांगा बुवा. माझं हिब्रू म्हणजे तेफिलापुरतं. शाळेवाले आणि छापखानेवाले, दोघंही माझ्या शब्दावर चालणार. माणूस त्या तोडीचा आहे का? उद्या कुणी मला हसायला नको."

मला त्या शुक्रवारची माणसं दिसली. चपला घालून निघालेली.

"कल्पना बऱ्या आहेत," मी म्हणालो, "पण भाषा अजून कच्ची आहे. वर्षभर जाऊ द्या."

"अस्सं. स्पष्ट बोललात, बरं केलंत. आपल्यात भिडेपोटी कुणी खरं सांगत नाही."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. ताट उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी गृहस्थांची ट्रंक स्टेशनपर्यंत मास्तरांनीच उचलून नेली. हमाल करू दिला नाही. गाडी हलल्यावरही ते टोपी हातात घेऊन उभे होते.

त्यानंतर वर्षभर कद्दीश एकदाही चुकलं नाही. मास्तर पावसात भिजत आले, तापात आले, मिलमधून तसेच रंगाच्या हातांनी आले. दर शुक्रवारी मी उभा राहून वडिलांसाठी प्रार्थना म्हणायचो आणि मागून त्यांचं 'आमेन' सगळ्यांत आधी यायचं. मुंबईहून पत्र आलं का, असं ते सुरुवातीला विचारत. पुढे विचारायचे थांबले. वर्ष संपल्यावर मी आपला शब्द फिरवायचा असं ठरवून मुंबईला चौकशी केली. कळलं की ते गृहस्थ वारले होते आणि शाळेने दुसरा माणूस नेमला होता. मी वर्षभरापुरतं घातलेलं कुलूप काढायला गेलो, तर ते आता कुणालाच उघडता येणारं नव्हतं. त्याच महिन्यात रेल्वेत आमची दोन कुटुंबं बदलून आली. मास्तरांवाचून अडावं असं काही उरलं नाही.

वर्षातला आमचा सर्वांत मोठा उपास म्हणजे दारफाळणीचा सण. आदल्या संध्याकाळपासून दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे, बाहेरच्या कुणाशी बोलायचं नाही, दिवसभर अन्नपाणी न घेता प्रार्थना करायची. त्याआधी एकमेकांच्या घरी जाऊन माफी मागायची. माणसाचा अपराध त्या माणसानेच माफ करायचा असतो, त्यात देव पडत नाही. दरवर्षी मी मास्तरांच्या खोलीवर जायचो आणि म्हणायचो, "वर्षभरात काही चुकलंमाकलं असेल तर माफ करा."

"माफ. माझंही तुम्ही करा," ते म्हणायचे आणि हात हातात घ्यायचे.

'काही चुकलंमाकलं' या शब्दांच्या आड मी वर्षानुवर्षं लपलो. परत येऊन दार लावायचो आणि आत बसायचो. बाहेर दूधवाला ओरडायचा, "आज दार लावून बसायचा सण न्हवं का? मंग दूद उद्याच आनू व्हय?" आणि मला वाटायचं, मी आत दुसऱ्याच कशासोबत तरी कोंडला गेलोय.

शहरात लष्करी कायदा लागला त्या दिवसांतली एक गोष्ट सांगायला हवी. संध्याकाळनंतर बाहेर पडायची बंदी होती. मास्तर माझ्याकडून घरी निघाले होते. नाक्यावर शिपायाने अडवलं आणि झडतीत कागद सापडले. त्यांना घेऊन तो उलटा माझ्याच दारात आला.

"ह्ये काय लिवलंय?" कागद उलटा धरून तो म्हणाला. "उजवीकडनं डावीकडं? ही चोरांची लिपी हाय. कुटं बाँब टाकायचा त्येचा बेत असंल."

"प्रार्थना आहे, जमादारसाहेब," मी म्हणालो. कागद घेतला, डोक्यावर टोपी नीट केली आणि तेफिलाच्या चालीवर मोठ्याने म्हणू लागलो. जरा वेळाने शिपायाने बूट काढून उंबऱ्याबाहेर ठेवले. संपल्यावर म्हणाला, "लई ग्वाड म्हनता की. आमच्या भजनात या एकदा."

तो गेल्यावर मास्तर जमिनीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "भाऊ, तुम्ही काय म्हटलंत ठाऊक आहे ना? म्हातारा आपल्या बायकोला शिव्या देतो तो अख्खा तुकडा!"

मीही हसलो, ठाऊक असल्यासारखा.

"तुम्ही नसता तर आज मी आत असतो," ते म्हणाले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेने मला जे वाटलं ते सांगत बसत नाही.

पुढे मास्तरांचे डोळे गेले. एकदम नाही. वर्षानुवर्षं चौकटी रंगवून आधी बारीक रेषा दिसेना, मग मिलने त्यांना किनारीवरून काढून कापडाच्या गठ्ठ्यांवर शिक्के मारायला बसवलं. लिहीत होते ते आता मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत. आणि एका रविवारी कागद माझ्या हातात देत म्हणाले, "भाऊ, आता ठिपके देता येत नाहीत मला. इतकी वर्षं वाचताय, तुम्हाला लागणारही नाहीत."

मी कागदाकडे पाहिलं. उघडी, बोडकी अक्षरं. पहिला शब्द कसा उच्चारायचा ते कळेना. मी खोकलो.

"आज घसा बसलाय, मास्तर."

पुढच्या रविवारी डोकं दुखत होतं. त्यापुढच्या रविवारी मी घरीच नव्हतो. सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी उन्हात बसून होतो. मग ते यायचे थांबले. बायको म्हणाली, "आता तरी जा. आणखी किती वर्षं घरात असे फिरणार आहात, पिंजऱ्यातल्यासारखे?"

मी गेलो. दारातच सांगितलं, बसलो असतो तर बोलणं झालं नसतं. "मास्तर, मला तुमच्या गोष्टी कळत नाहीत. पहिल्यापासून कळत नव्हत्या. अक्षरं वाचतो, एवढंच."

ते खाटेवर बसले होते. माझ्या आवाजाच्या दिशेने पाहून म्हणाले, "हे मला पहिल्याच पावसाळ्यात कळलं होतं. गोष्टीतली आई मेली, आणि तुम्ही हसलात."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही वाचायचे थांबला असता. मला कुणाच्या तरी तोंडून ऐकायच्या होत्या. मिलच्या भिंतीला वाचून दाखवायचो त्याआधी." मग खाटेवर हात थोपटून, "बसा. आज मी सांगतो. मराठीत."

आणि त्यांनी एक गोष्ट सांगितली. किनारी काढणारा एक माणूस. जन्मभर एकच कोयरी कागदावर काढतो, पण तिचं लुगडं झालेलं त्याने कधी पाहिलेलं नाही. एक दिवस मंगळवारच्या बाजारात त्याला ती कोयरी चालताना दिसते. एका बाईच्या पावलांपाशी. तो तिच्या मागे मागे जातो, किनार हलते कशी ते पाहत. बाईला वाटतं मवाली आहे. लोक जमतात, त्याला मारतात. तो मार खात असतो आणि खाली पडल्यामुळे किनार त्याच्या डोळ्यांच्या अगदी जवळ आलेली असते. एका ठिकाणी त्याचीच एक चौकट चुकलेली त्याला दिसते. एवढीच गोष्ट.

भोंगा झाला. तावदान थरथरलं. ही गोष्ट मी या आधी मोठ्याने वाचली होती, बहुधा मार खाण्याच्या जागी हसलोही असेन. आणि याच गोष्टी दर रविवारी वाचत असताना मी बिरडं खाणाऱ्या त्या गृहस्थांना म्हणालो होतो, भाषा अजून कच्ची आहे.

मास्तरांचा चेहरा मोकळा झाला होता. त्यांना वाटत होतं की आमच्यात आता काही लपलेलं उरलं नाही. तेवढ्यावर भागवून मी घरी आलो. हा माझा आणखी एक भेकडपणा. छोटा अपराध सांगून मोठा तसाच ठेवला, आणि वर ते माझं ओझं उतरल्याचं कौतुक करत होते.

त्यानंतर आलेल्या दारफाळणीच्या आदल्या दुपारी मी त्यांच्या खोलीवर गेलो. ते पांढरा सदरा चाचपत घालत होते. बटणं चुकीच्या काजांत गेली होती, ती मी नीट लावून दिली.

"या, भाऊ. चुकलंमाकलं माफ. माझंही करा," त्यांनीच सुरुवात केली आणि नेहमीप्रमाणे हात पुढे केला.

मी हात धरला नाही.

"मास्तर, आधी ऐका. मुंबईचे गृहस्थ आले होते, तुम्ही त्यांची ट्रंक स्टेशनवर नेली होती, आठवतं? त्यांनी मला विचारलं होतं, या माणसाच्या गोष्टी कशा आहेत. मी म्हणालो, भाषा कच्ची आहे. म्हणून तुम्हाला बोलावणं आलं नाही. मला एक अक्षर कळत नव्हतं, तरी म्हणालो. तुम्ही गेला असता तर आम्ही नऊच उरलो असतो आणि माझ्या बाबांचं कद्दीश राहिलं असतं, म्हणून म्हणालो. तुम्हाला मी इथे ठेवून घेतलं, मास्तर. तुमच्या गोष्टी कच्च्या नव्हत्या. दरवर्षी इथे येऊन मी काहीतरी पुटपुटत होतो, ती माफी नव्हती. ही आहे. मी तुमचं आयुष्य अडवलं. मला माफ करा."